दोनशे एकाहत्तरवरचं घर

सोमवार, तीन तारीख

आले बाई एकदाची! दोन ट्रंका, एक वळकटी, गुडघ्याच्या तेलाची बाटली आणि मी. गाडीवाला सामान उतरवताना विचारतो कसा, आजी, कायमच्या आलात की काय? म्हटलं, हो रे बाबा, आता इथून हलेन ती चौघांच्या खांद्यावरच. मला वाटलं हसेल. मेला घाबरला आणि वळकटी तिथेच टाकून पळाला.

ही वही लेकीने दिली. चौथीत पाटी सोडली ती सोडलीच, त्यामुळे माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. पण लेक म्हणाली, आई, दिवसभर घरात असशील, काहीबाही लिहीत जा, तेवढीच तोंडाला विश्रांती. बघा, पोटची पोर आईला असं बोलते. खोटं नाही म्हणा. आमच्या घराण्यात बायकांच्या जिभेला हाड नाही आणि कुलूपही नाही.

घर छान आहे. तीन खोल्या एकामागे एक, स्वयंपाकघराला मागचं दार, दारामागे फरशीचं अंगण. लेक प्रयोगशाळेत लोकांचं रक्त तपासते, आठला जाते ती पाचला येते. जावई पुलांच्या कामावर, पंधरा दिवसांनी एकदा शनिवारी उगवतात. म्हणून मी हवी. नात सव्वातीन वर्षांची आहे. तिचं खरं नाव चांगलं घसघशीत आहे, पण ते कोणी घेत नाही. सगळे टकळी म्हणतात, कारण डोळे उघडल्यापासून तिची टकळी चालू ती झोपेपर्यंत. दूध पितानासुद्धा पेल्यात तोंड घालून बोलते, मग दुधाला बुडबुडे येतात आणि त्या बुडबुड्यांशीही ती बोलते. मला आल्याआल्या आकडे म्हणून दाखवले. एक, दोन, चार, पाच. म्हटलं, अगं तीन कुठे गेला? तर म्हणाली, तो मला आवडत नाही. आता यावर कोणी काय बोलावं! अगदी माझ्यावर गेलीय.

अंगणात एक भलीमोठी छत्री आहे. पावसातली नव्हे, टीव्हीची. हल्लीच्या त्या भिंतीवरच्या ताटल्या असतात तसली नाही, ही आठ फूट रुंद, जाड पत्र्याची, लोखंडी खांबावर उभी. जुना घरमालक सोडून गेला म्हणे. जावयांनी भंगारात द्यायची ठरवलीय, पण मुहूर्त लागत नाही. टकळी म्हणाली, ती झोपलीय, हळू बोल.

बुधवार, पाच तारीख

आज छत्रीवाला आला. लेकीनेच बोलावला. म्हणाली, आई आलीय म्हणजे टीव्ही पाहिजेच, नाहीतर ती आमचंच डोकं खाईल. माणूस भला आहे, पन्नाशीचा, मिशीत शेंगदाण्याची सालं आणि कानामागे पेन्सिल. समजावून सांगायची हौस मात्र माझ्यापेक्षा जास्त. मला इतकं कळलं की आकाशातून येणारं सगळं या पत्र्यावर पडतं, तिथून उसळतं आणि समोर एका ठिपक्यात गोळा होतं. त्या ठिपक्यावर तीन काड्यांच्या आधाराने भोंगा बसवायचा, गडव्याच्या तोंडाएवढा. पत्रा म्हणजे नुसती ओंजळ हो आजी, म्हणाला, खरं पितो तो भोंगा.

तर भोंगा कोणता घ्यायचा, यावर आमची दोघांची तासभर संसद भरली. आकाशातून लाटा येतात त्या काही उभ्या, काही आडव्या. नव्या भोंग्यात हलणारं काहीच नाही, तारेतून वीज कमी सोडली तर उभ्या घेतो, जास्त सोडली तर आडव्या. दुसरा भोंगा माळ्यावर सापडला, बिस्किटांच्या डब्यात, तेलकट फडक्यात गुंडाळलेला. जुन्या मालकाचा. त्याच्या पाठीवर बोटाएवढी मोटार आणि घशात एक बारीक पिन. ती पिन घड्याळाच्या काट्यासारखी फिरते. उभी ठेवा, आडवी ठेवा, नाहीतर मध्ये कुठेही तिरपी थांबवा. छत्रीवाला म्हणाला, आजी, नवा घ्या, जितकं हलणारं कमी तितकी कटकट कमी. पण तोच पुढे बोलून गेला की आकाशाच्या कडेला लाटा तिरप्या होऊन येतात, त्या जुन्यातच नीट सापडतात.

मग काय! मी म्हटलं, जुनाच बसवा. ज्याला फक्त हो आणि नाही एवढंच कळतं त्याच्याशी माझं कधी जमलं नाही. आमच्या ह्यांच्याशीसुद्धा त्यामुळेच जमलं नाही, पण ते जाऊ दे.

एकच अडचण होती. जुन्या भोंग्याचं तोंड मेणाने बुजवलेलं. छत्रीवाला म्हणाला, गांधीलमाश्या आत घरटं करतात, त्यासाठी असेल. मी स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून केसांच्या आकड्याने कोरून काढलं. वर मेण, मेणाखाली कापूस, कापसाखाली परत मेण, त्याखाली परत कापूस. दुपार गेली. छत्रीवाला म्हणाला, म्हातारा गांधीलमाश्यांना फारच घाबरत असणार. आम्ही दोघं खूप हसलो.

गुरुवार, सहा तारीख

बसला भोंगा! छत्री जागी झाली. तिच्या पाठीला लोखंडी दांडा आहे, दांड्याला मोटार. घरात अंगणाच्या खिडकीशी टीव्ही ठेवलाय, त्याखाली एक खोका, त्यावर दोन बाण आणि लाल आकडे. बाण दाबला की बाहेर दांडा घुर्रर्र करत लांब होतो आणि छत्री मान वळवते. आकडा जसा वाढतो तशी ती पश्चिमेला कलते आणि खाली वाकते. खोक्यावर एक गोल बटण आहे, ते पिनेचं. ते फिरवलं की भोंग्यात पिन फिरते.

छत्रीवाल्याने मला याच वहीत मागच्या पानावर आकडे लिहून दिले. ११८ वर बातम्या. १६४ वर गाणी. २४० वर सिनेमे. ३०५ वर कुठल्यातरी परक्या देशातलं, शब्द कळत नाही, पण बायका काय घालतात ते बघायला बरं. मी एका दिवसात तरबेज झाले. लेक संध्याकाळी येऊन बघते तर आई छत्री फिरवतेय! म्हणाली, आई, आता तुला गाडी चालवायला शिकवते. म्हटलं, शिकव, घाबरते का मी.

शनिवार, आठ तारीख

आज एक गंमत सापडली. दुपारी २४० वरून ३०५ वर जात होते, तेवढ्यात दूध उतू गेलं म्हणून बाण सोडून धावले. परत आले तर आकडा २७१. पडदा राखाडी. तिथे काहीच नसतं असं छत्रीवाला म्हणाला होता. उगाच चाळा म्हणून पिन हळूहळू फिरवली. ना उभी ना आडवी, बरोबर मध्ये आली आणि आवाज लागला!

चित्र नाही, नुसता आवाज. कुठलंतरी घर आहे. भांडी लावल्याचा आवाज येतो. एक म्हातारा खोकतो, एक म्हातारी त्याला सांगते की चष्मा तुझ्या डोक्यावरच आहे. मग तो हं म्हणतो. मग बराच वेळ काही नाही. मग ती विचारते, चहा ठेवू का, आणि तो म्हणतो, ठेवला होतास ना मघाशी. ना संगीत, ना जाहिराती, ना मध्येच कोणी किंचाळत घरात शिरत. मी दोन तास ऐकलं. इतकं खरं काम करणारे नट मी आजवर ऐकले नाहीत. वहीत लिहून ठेवलं, २७१, पिन मध्ये, म्हातारा-म्हातारी.

सोमवार, दहा तारीख

आता रोज दुपारी माझं २७१ चालू असतं. तिकडे आज फार काही घडलं नाही. म्हातारी रुसली होती.

२७१ वर छत्री इतकी खाली वाकते की भोंगा माझ्या खांद्याला येतो. मी कपडे वाळत घालताना त्याच्यासमोर उभी राहून टकळीला हाक मारली तर केवढा आवाज घुमला! पत्र्यावरून उसळून सगळा तिथेच गोळा होतो ना. टकळीला उचलून भोंग्यासमोर धरली आणि म्हटलं, बोल. ती कूऽऽ म्हणाली आणि तिचाच कूऽऽ दुप्पट होऊन तिच्या कानात आला. पोर आनंदाने वेडी झाली. मग स्टूल आणून तिला त्यावर उभी केली. अर्धा तास भोंग्याला गोष्टी सांगत होती, मध्येच खिदळत होती, त्याला एक दोन चार पाच शिकवत होती. मी बाजूला बसून हसून हसून दमले. अशी दुपार माझ्या जन्मात झाली नव्हती.

बुधवार, बारा तारीख

काल आणि आजही तोच खेळ झाला. टकळीला दुसरं काही सुचत नाही.

संध्याकाळी मात्र जरा किरकिरी वाटली. दूध पिताना गप्प होती, पेल्यात बुडबुडे आले नाहीत. मला हाक मारायची होती तर माझा हात ओढला. मी म्हटलं, आजी म्हण ना, तर तोंड उघडून बघत राहिली. जणू शब्द कुठे ठेवला ते आठवत नाहीये. घसा बसला असेल. एवढं ओरडल्यावर दुसरं काय होणार. कोमट पाणी दिलं.

गुरुवार, तेरा तारीख

तिकडे २७१ वर मजा आहे! त्यांच्याकडे आज पाहुणी आलीय, कोणीतरी लहान पोर. अशी खिदळते की ऐकणाऱ्याला गुदगुल्या व्हाव्यात. म्हातारी तिला विचारते, तू कोणाची ग? म्हातारा खोकायचासुद्धा विसरला. मला इतकं बरं वाटलं. किती दिवस दोघंच होती बिचारी.

आमची टकळी शेजारीच बसली होती. ऐकत होती. मी म्हटलं, बघ, ती कशी हसते, तूही हस. तर तिने ओठ ताणले, दात दाखवले, खांदे हलवले. आवाज आला नाही.

शुक्रवार, चौदा तारीख

सगळं क्रमाने लिहिते.

सकाळी टकळी पडली. गुडघा फुटला. रडली, डोळ्यांतून धारा लागल्या, तोंड वासलेलं, आणि आवाज नाही. टाचणी पडली तर ऐकू येईल इतकी शांतता आणि समोर पोर रडतंय.

तिला कडेवर घेऊन शेजारी गेले. शेजारीण शिवणकाम करते. पाय मशीनवर, तोंड माझ्याकडे. मी सांगितलं तर तिचा पाय थांबला. ती म्हणाली, आजी, या घरात आधी रेडिओ दुरुस्त करणारा म्हातारा आणि त्याची बायको राहायची. माझी आणि त्यांची भिंत एकच. आधी त्यांची भांडणंसुद्धा ऐकू यायची, चष्म्यावरून, चहावरून. शेवटचे आठ महिने एक शब्द ऐकला नाही. अंगणात पाहिलं तर दोघं पाटीवर लिहून बोलायची. मला वाटलं, अबोला धरलाय. मग म्हातारी गेली, मागोमाग म्हातारा. डॉक्टरांना काही सापडलं नाही.

मी विचारलं, म्हातारा खोकायचा का?

ती म्हणाली, हो ना, सदा खोकायचा. आधी. नंतर तोही आवाज बंद झाला.

घरी आले. २७१ लावलं. पोर आकडे म्हणत होती, म्हातारी तिला दाद देत होती. एक. दोन. चार. पाच.

म्हातारी म्हणाली, अगं तीन कुठे गेला?

शनिवार, पंधरा तारीख

डॉक्टरांनी टकळीचा घसा बघितला. लाल नाही, सूज नाही, सगळं ठणठणीत. भ्यायली असेल म्हणाले, येईल आवाज आपोआप. जावई आज आले. त्यांना सगळं सांगितलं. ते माणूस चांगले, मोठ्याने बोलत नाहीत. म्हणाले, आई, तुम्हाला विश्रांतीची गरज आहे. मग त्यांना २७१ लावून ऐकवायला गेले तर पोर झोपली असावी. नुसती भांडी वाजली.

ते अंगणात जाऊन खांबाला लाथ मारून आले.

कोणीतरी मेण लावलं होतं. दोनदा लावलं होतं, कापूस घालून. ते मी पायरीवर बसून आकड्याने कोरलं आणि हसले. पोरीला मीच उचलून धरलं. बोल म्हटलं. लेकीने मला पोर सांभाळायला आणलं आणि मी तिला

नाही. रडून काय होणार. भोंगा जुना घेतला तोही मीच, आता त्याच्यातून पोरीला काढायची तीही मीच.

रविवार, सोळा तारीख

विचार केला. पिन एका बाजूला तिरपी असताना आवाज आत जातो. मग उलट्या बाजूला तिरपी केली तर बाहेर यायला हवा. एवढं तर चौथी शिकलेल्या बाईलाही कळतं.

लेक आणि जावई औषधं आणायला गेले होते. भर दुपार. टकळीला भोंग्यासमोर स्टुलावर उभी केली. हलू नकोस म्हटलं, खाऊ देईन म्हटलं. आत धावले, पिन उलटी फिरवली, परत बाहेर धावले.

टकळी खोकली.

म्हाताऱ्यासारखी. छातीच्या तळातून, घरघरत. सव्वातीन वर्षांची पोर, हाताची मूठ तोंडाशी धरून. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि बाईच्या थकलेल्या आवाजात विचारलं की मेण कोणी काढलं.

मी पुन्हा आत धावले. पिन जागेवर आणली. बाहेर आले तेव्हा ती गप्प झाली होती, ओठ मात्र हलत होते.

एक कळलं. आत दाराशी जो उभा असेल तोच बाहेर येतो. ती दोघं दाराशी उभी होती. माझी पोर मागे कुठेतरी होती.

सोमवार, सतरा तारीख

जावई पहाटे कामावर गेले. लेकीने रजा टाकली.

लेक टकळीचे केस विंचरत होती. मी स्वयंपाकघरात. लेकीचा हात थांबलेला दिसला. टकळी तिला म्हाताऱ्या आवाजात सांगत होती, हळू विंचर ग, माझे केस आता फार राहिले नाहीत. कालचा थोडा आवाज उरला असावा तिच्या घशात. तेवढंच वाक्य. मग परत शांत.

लेक ओरडली नाही. फणी खाली ठेवली, फोन उचलला, छत्रीवाल्याला म्हणाली, बुधवारी या आणि ती छत्री, तो भोंगा, सगळं कापून घेऊन जा. वितळवा.

मी तिचे पाय धरले. आईने लेकीचे पाय धरले. म्हटलं, भोंगा गेला तर पोरीचा आवाज त्याच्यातच जाईल. तिने माझे हात सोडवले. म्हणाली, आई, हे तुझ्यामुळे झालं.

हो.

मंगळवार, अठरा तारीख

दाराशी तिला कोणीतरी आणायला हवं. बोट धरून. तिकडे तिचं ओळखीचं कोण आहे? कोणी नाही. मग कोणीतरी जायला हवं.

लेक पोरीला घेऊन मोठ्या दवाखान्यात गेली. मी २७१ लावलं, पिन मध्ये, स्टूल बाजूला सारलं, भोंग्याला तोंड लावलं आणि बोलायला लागले. बोलणं एवढंच तर येतं मला. तिला हाका मारल्या. सगळ्या गोष्टी सांगितल्या. लेकीला लहानपणी म्हणायची ती अंगाई म्हटली. शिव्या दिल्या त्या म्हाताऱ्याला. आमच्या ह्यांची सगळी गाऱ्हाणी सांगितली. दोन तास. तीन तास. शेजारीण भिंतीवरून बघत होती, मी थांबले नाही. शब्द निघायचा आणि परत आठवायचा नाही. घसा कोरडा, मग हलका, मग रिकामा.

आता आवाज नाही. खोकून पाहिलं. नाही.

टीव्हीतून ऐकलं. माझाच आवाज. किती म्हातारा आहे माझा आवाज, मला माहीत नव्हतं. तिकडे जाऊन टकळेऽ टकळेऽ हाका मारतोय. खोल्यांमधून फिरतोय. म्हातारी म्हणते, मागे बघा, मागच्या खोलीत आहे. भली बाई. मी उगाच

मग टकळी म्हणाली, आजी?

देवा.

लेक आली. वही दाखवली. लिहून सांगितलं, एक दिवस थांब, फक्त एक दिवस. तिने वाचलं, ते पान फाडलं आणि म्हणाली, आता पुरे.

बुधवार, एकोणीस तारीख

छत्रीवाला लवकर आला. नऊलाच —

मी खांबाला मिठी मारली. लेकीने सोडवलं, आत आणलं, मागच्या दाराला बाहेरून कडी. छत्रीवाला म्हणत होता, आजी, मी सांगितलं होतं ना नवा घ्या. वाईट वाटत होतं त्याला. मान खाली घालून हत्यारांच्या पिशवीत पाने शोधत होता.

खिडकीतून दिसतं. लेक अंगणात, टकळी तिच्या कडेवर. भोंग्याच्या अगदी समोर. पोर समोरच आहे! छत्री अजून २७१ वरच. खोका चालू आहे. सगळं जागेवर आहे. फक्त त्यांना दाराशी येऊ दे, मग मी पिन फिरवीन —

डावा हात बटणावर. उजव्याने लिहितेय. मोठ्या अक्षरात —

थांबा. वायर कापू नका. पोर आत आहे.

काचेला लावलं. लेकीची पाठ माझ्याकडे. काच वाजवली. छत्रीवाल्याने पाहिलं, हात हलवला, हसला. एवढ्या लांबून त्याला कुठलं वाचता येणार —

एक स्क्रू निघाला.

टीव्हीत माझा आवाज म्हणतोय, चल, बोट सोडू नकोस. टकळी म्हणतेय, अंधार आहे. मी म्हणतेय, दोन खोल्या राहिल्या.

लेकी, वळ ग. एकदा वळ.

दुसरा स्क्रू.

एक खोली. मी म्हणतेय, ते बघ दार. ती हसतेय. तिचं हसू. ऐका ना कोणीतरी —

तो पक्कड घेऊन वायरीकडे —

अजून दाराशी नाही. आत्ता फिरवलं तर भलतंच कोणी — थांब, अजून थोडं — जवळ — अगदी जवळ —

पोर म्हणतेय, आजी, उघड, मी आ